थँक्यू पाठ झालंय, पुढं काय? बालवाडीतल्या मुलांसाठी खेळ सुचवा

आमराई
नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एका लहानशा बालवाडीत शिकवते. वर्गात २२ मुलं आहेत, साडेतीन ते साडेपाच वर्षांची. मागच्या महिन्यात आमच्याकडं 'कृतज्ञता सप्ताह' झाला. मुलांनी कार्डं रंगवली, म्हणजे खरं तर निम्मी आम्हीच रंगवली. मावशींना, रिक्षावाल्या काकांना, शिपाईदादांना ती दिली आणि सगळ्यांनी एका सुरात "थँक्यूऽऽ" म्हटलं. फोटो छान आले.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना एकानं पाण्याचा अख्खा तांब्या लवंडला. मावशी गुडघ्यावर बसून पुसत होत्या आणि मुलं त्यांच्या हातावरून उड्या मारत पलीकडं जात होती. कालच कार्ड देणारी हीच मुलं. मला मुलांचा राग आला नाही, पण पोटात कालवलं. आपण त्यांना शब्द दिला, त्या शब्दामागचं माणूस दाखवलंच नाही असं वाटलं.

रोज परिपाठानंतर मला वीस मिनिटं मिळतात. या वयाची मुलं गप्प बसून ऐकणारी नव्हेत, त्यांचं सगळं शहाणपण हातापायांत असतं. म्हणून अंग हलवत, खेळत, मध्येच थोडं शांत होत कृतज्ञता रुजेल असं काही करायचंय. एक खेळ सुरू केलाय. मुलं पाठीवर झोपतात, मी पोटावर कागदी होडी ठेवते. श्वास घेतला की नदी चढते, सोडला की उतरते, आणि होडी पडू द्यायची नाही. दोन मिनिटं वर्ग इतका शांत होतो की पंख्याचा आवाज ऐकू येतो. त्यानंतर "आज तुला कुणी मदत केली?" असं विचारते. पण उत्तर एकच येतं, "आईनं." पुढं कसं न्यायचं?

वाईकर_आज्जी
बाळ, तुझं पोट कालवलं हेच मोठं आहे. आमच्या लहानपणी घरात कुणी कुणाचे आभार मानत नसे. आईला "आभारी आहे" म्हटलं असतं तर तिनं कपाळाला हात लावून ताप बघितला असता. पण सकाळी अंथरुणातून उठताना आधी भुईला हात लावायचा, मग पाय टेकवायचा. पाय लागतोय म्हणून क्षमा मागणारा तो श्लोक तेव्हा कळत नव्हता. हाताला गार फरशी कळायची. वाकणं आधी आलं आणि अर्थ कितीतरी वर्षांनी आला.

रात्री आजी काशाच्या वाटीनं तळपाय घासायची. घासताना विचारायची, "आज हे पाय कुठं कुठं गेले?" आम्ही सांगायचो, घाटावर, गणपतीला, चिंचेखाली. मग ती म्हणायची, "एवढं हिंडवून आणलं, त्यांना तेल नको?" तू मुलांना त्यांचेच पाय चोळू दे. थेंबभर खोबरेल पुरतं. दुसऱ्याचे उपकार कळायच्या आधी मुलाला स्वतःचे पाय तरी कळू देत.

ढवळी_संध्याकाळ
आज्जी, आजच घरी केलं. माझा मुलगा चार वर्षांचा. म्हणाला, "पाय जिन्यात गेले, शाळेत गेले, आणि बाबाच्या पोटावर गेले." मग बाबाच्या पोटालाही तेल लावायला निघाला.

पहाटपाळी
आमराईताई, थोडं कडू लिहितोय, राग मानू नका. माझे वडील तीस वर्षं सफाई कामगार होते. दरवर्षी कुठली ना कुठली शाळा त्यांना गुलाब किंवा कार्ड द्यायची. वडील ते जपून ठेवायचे, घरी देव्हाऱ्याशेजारी एक पत्र्याचा डबा भरलेला आहे. पण त्याच गल्लीतल्या कचऱ्यात फुटलेली काच तशीच टाकलेली असायची. त्यांच्या उजव्या तळव्यावर चार टाक्यांची खूण आहे.

मुलांना कार्ड करायला जरूर शिकवा. त्याआधी काच कागदात गुंडाळून वेगळी ठेवायला शिकवा. माझ्या वडिलांना त्या गुलाबापेक्षा वेगळा ठेवलेला कचरा जास्त कळला असता.

आमराई
पहाटपाळी दादा, राग कसला. तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. उद्या वर्गात यावर काय करता येईल ते शोधते. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

नोंदवही
मी बालविकास विषय शिकवते, म्हणून थोडं अभ्यासाच्या अंगानं.

कृतज्ञतेची वही लिहायची जी पद्धत हल्ली सगळीकडं सांगतात, तिचा गाजलेला अभ्यास रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली माणसं कॉलेजची मुलं आणि प्रौढ होती. आठवड्याला किंवा रोज आपल्याला मिळालेल्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आयुष्याबद्दल अधिक बरं वाटलं. चार वर्षांच्या मुलाला तेच उचलून लावता येत नाही. "यानं माझ्यासाठी मुद्दाम केलं" हे कळायला आधी दुसऱ्याच्या मनात माझ्यापेक्षा वेगळं काही चालू असतं हे कळावं लागतं, आणि ती समज साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी फुटायला लागते. तुमच्या वर्गातली निम्मी मुलं त्या उंबऱ्यावर आहेत. ती "आईनं" म्हणतात यात काही चुकलेलं नाही.

दुसरी गोष्ट मला फार आवडते. १९३८ साली फ्रान्झिस्का बाउमगार्टन-ट्रॅमर या बाईंनी स्वित्झर्लंडमधल्या मुलांना विचारलं होतं, तुझी सर्वांत मोठी इच्छा कुणी पूर्ण केली तर तू त्याच्यासाठी काय करशील? काही मुलं नुसती आभार मानू म्हणाली. काहींनी स्वतःला आवडणारी वस्तू देऊ म्हटलं, समोरच्याला ती हवी की नको याचा विचार न करता. आणि काहींनी त्या माणसाला काय लागेल हे बघितलं. आपली बालवाडीतली मुलं दुसऱ्या प्रकारात सहज बसतात. मुलानं अर्धा चोखलेला कंदी पेढा तुमच्या हातावर ठेवला तर तो नाकारू नका, त्याच्याकडची ती सर्वांत मोठी भेट आहे.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात अँड्रिया हसाँग यांचा गट या विषयावर पालकांबरोबर काम करतो. ते कृतज्ञतेचे चार भाग सांगतात. काय मिळालं ते दिसणं, ते का मिळालं याचा विचार, त्याबद्दल वाटणं, आणि मग त्यावर काही करणं. आपण मुलांना थेट चौथ्या पायरीवर उभं करतो. तुमचा होडीचा खेळ पहिल्या पायरीच्याही आधीचा आहे, कारण थांबल्याशिवाय काही दिसत नाही.

लोणंदकर
चोखलेल्या पेढ्यावरून आठवलं. आमच्या धाकट्यानं घंटागाडीच्या काकांना त्याची सगळ्यात लाडकी गोटी दिली. काकांनी ती खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी खिशातून काढून त्याला दाखवली, "बघ, जपलीय." पोरगं आठवडाभर घंटा वाजली की चप्पल न घालता फाटक उघडायला पळत होतं.

आता माझं. आमच्या गावात माउलींची पालखी मुक्कामाला असते. दोन वर्षांपूर्वी पोराला खांद्यावर घेऊन गेलो होतो. खाली उतरवलं तर एक सत्तरीचे वारकरी वाकले आणि त्याच्या पायाला हात लावला. वारीत लहानथोर बघत नाहीत, सगळे एकमेकांच्या पाया पडतात. पोरगं बावरलं, माझ्याकडं बघितलं आणि मग तेही वाकलं. मी शिकवलं असतं तर त्यानं हट्टानं ताठ उभं राहून दाखवलं असतं. पुढं तरडगावच्या अलीकडं चांदोबाचा लिंबला उभं रिंगण होतं, तेव्हा घोडा धावून गेल्यावर लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावत होते. यानं माती लावली आणि विचारलं, "घोड्याचे पाय दुखले असतील का?"

घाटावरची
कुणालाच नकोसं वाटेल असं लिहितेय, पण लिहायला हवं. आमचं घर सांगलीत कृष्णा नदीच्या बाजूला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून अंदाज करा. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आम्हाला दुसऱ्या मजल्यावरून बोटीत उतरवलं. नंतर वर्षभर बादलीत पाण्याचा आवाज आला तरी ती माझा पदर धरायची. त्या दिवसांत तिला कुणी पोटावर होडी ठेवून "नदी चढतेय" म्हटलं असतं तर ती किंचाळली असती. आमराईताई, तुमच्या वर्गातली मुलं त्यानंतरची आहेत, पण २०२१ चा पूर बघितलेली घरं आहेत आणि भीती घरातून उतरते. एकदा विचारून घ्या.

आणि तेव्हा आम्हाला भेटणारा प्रत्येक जण सांगायचा, "जीव वाचला, देवाचे आभार माना." तिची बाहुली, तिची पुस्तकं, तिचं मांजर, सगळं गेलं होतं. ज्याचं काही हरवलंय त्याला आभार मानायला लावू नये. आधी रडू द्यावं. तिला ज्यांनी बोटीतून उचलून घेतलं त्या जवानांना राखी बांधायची हे तिनंच नंतर ठरवलं. त्या वर्षी राखीपौर्णिमा १५ ऑगस्टला होती आणि पूरग्रस्त भागात कितीतरी बायकांनी जवानांना राख्या बांधल्या. तिनं माझ्या साडीच्या काठाची दोरी बांधली. ती आता मोठी झालीय, पोहायला शिकतेय.

आमराई
घाटावरची ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. उद्यापासून होडीऐवजी बेडूक. नदीचं नाव काढणार नाही. दोन घरांत मी स्वतः जाऊन बोलते.

रवळी
माझा मुलगा स्वमग्न आहे, पाच वर्षांचा. एक विनंती. "डोळे मिटा" असं सगळ्यांना सांगू नका. डोळे मिटले की त्याला वर्ग नाहीसा झाल्यासारखा वाटतो. त्याच्या हातात मी गहू भरलेली छोटी पिशवी देते. तो ती या तळव्यावरून त्या तळव्यावर घेतो आणि त्याचा श्वास आपोआप संथ होतो. आणि मिठी मारून आभार मानायची सक्ती कुठल्याच मुलाला नको. माझा मुलगा आभार मानतो ते असं: ज्यानं दिलं त्याच्या शेजारी जाऊन बसतो. बोलत नाही, फक्त बसतो.

तंबोरा_मिरज
रवळीताई, शेवटची ओळ वाचून थांबलो.

आमच्या घरात चार पिढ्या तंतुवाद्यं बनतात. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आसपासच्या शाळेतली लहान मुलं बघायला आली होती. तीस पोरं, दंगा विचारू नका. वडिलांनी काही न बोलता एक तंबोरा आडवा ठेवला, प्रत्येकाला भोपळ्यावर तळहात ठेवायला सांगितलं आणि तार छेडली. "आवाज संपला की हात उचल." पोरं श्वास रोखून उभी. कानाला आवाज संपल्यावरही हाताला थोडा वेळ कळत राहतो, त्यामुळं कुणी आधी उचलला, कुणी नंतर. मग वडिलांनी विचारलं, हा आवाज कुणी काढला? तारेनं. आणखी? लाकडानं. आणखी? एक चिमुरडी म्हणाली, "भोपळा लावला त्या आजोबांनी." भोपळे आमच्याकडं पंढरपूरच्या बाजूनं येतात. तिथल्या शेतकऱ्याचा आमच्या कारखान्यात पहिल्यांदा कुणी असा उल्लेख केला.

ताई, तंबोराच हवा असं नाही. देवघरातली घंटा किंवा पितळी ताटाला चमच्याचा एक ठोका, तेवढ्यानं भागतं.

नोंदवही
हा मॉन्टेसरींच्या शांततेच्या खेळाचाच भाऊ आहे. मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळं बरीच वर्षं इथंच राहिल्या. त्या खेळात सगळे अगदी स्तब्ध होतात, मग बाई लांबून कुजबुजत एकेकाचं नाव घेतात आणि ते मूल पावलांचा आवाज न करता येतं. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बिया, शिंपले, पानं हीच साधनं केली. विकतचं काही लागत नाही.

सज्जनगडच्या_पायथ्याला
एवढं सगळं कशाला? सूर्यनमस्कार घाला की. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, आयुष्यभर त्याचाच प्रसार केला. व्यायाम, श्वास आणि नमस्कार एकाच वेळी होतात. रोज १२ घालायचे.

नोंदवही
सज्जनगड काका, चार वर्षांच्या मुलाकडून १२ मोजून आणि कोन बघून घेतले तर तो कवायतीचा तास होईल. दोन-तीन, हसतखेळत, चालतील.

सज्जनगडच्या_पायथ्याला
कोन कोण बघतंय ताई! माझी नात भुजंगासनाला 'नागोबा' म्हणते आणि फुस्स करते. मान्य, बारा राहू देत. पण एक सांगतो. पहिला मंत्र 'मित्राय नमः'. मित्र हे सूर्याचं नाव आहे आणि त्याचा अर्थही मित्रच. तिला सांगितलं की पहिला नमस्कार एका मित्राला. ती रोज वेगळं नाव घेते. काल गल्लीतल्या कुत्र्याला होता, परवा माझ्या गुडघ्याला, कारण तो दुखत असूनही तिला शाळेत सोडायला येतो. ही तिची भाषा आहे, मी पढवलेली नाही.

पाभर
राम राम. जत तालुक्यातनं लिहितोय. तुमचा 'आईनं' वाला प्रश्न वाचला. आई भाकरी देती, पण आईला कुणी दिली? पोरास्नी भाकरीची उलटी वाट चालवा. आमच्या बारक्या पुतण्यांबरोबर मी खळ्यावर हे खेळतो.

पहिल्यांदा चाड्यावर मूठ, म्हंजी पेरणी. डावा पाय, उजवा पाय, हळूहळू चालायचं, मुठीतनं एकेक दाणा सुटला पाहिजे. घाई केली की दाणं एका जागी पडत्यात. मग उकिडवं बसून बी व्हायचं, आणि पाऊस येईपर्यंत हलायचं नाही. आमच्याकडं पाऊस लवकर येत न्हाई, त्यामुळं पोरं बराच वेळ गप बसत्यात! मग तण काढायची कोळपणी, वाकून मागं ओढत. मग कणसात दाणं भरलं की राखण, हात फिरवून गोफण आणि "हाऽऽ हुर्र" असा मोठा आरोळा. त्यात सगळा दंगा निघून जातो. मग काढणी. शाळू, म्हंजी रब्बीची ज्वारी, आम्ही मुळासकट उपटतो, दोन्ही हातांनी धरून मागं रेलायचं, हातास्नी फोड येत्यात. मग पेंढी बांधायची, कणसं मोडायची, मळायचं, वाऱ्यावर उफणायचं, दळायचं, आणि शेवटाला बसून भाकरी थापायची. तळवं एकावर एक आपटून बघा, आवाज बरोबर येतो.

एवढं करून पोरगं दमतं. तेव्हा खऱ्या भाकरीचा एक तुकडा हातावर द्यायचा. बोलायचं न्हाई काही. चावू द्यायचं.

ढवळी_संध्याकाळ
पाभर दादा, हे वाचताना मीच खुर्चीतून उठले.

वाईकर_आज्जी
आणि बैल? बेंदूर म्हणजे बैलांचा सण, त्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी व्हायची. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचे. आमच्या वडिलांचा हात त्या खांद्यावर ज्या मायेनं फिरायचा, तसा आमच्या पाठीवरही कधी फिरला नाही. त्या हाताकडं बघून आम्ही शिकलो.

पाभर
आज्जी, आता ट्रॅक्टरच जास्त. पण एक जोडी ठेवलीय अजून. खांदेमळणी चुकवत न्हाई.

गूळपोळी
चर्चा सुंदर चालली आहे, पण एक भीती बोलून दाखवते. माझ्या घरात 'कृतज्ञता' म्हणजे "आम्ही तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या" हे ऐकणं होतं. ताटातलं संपवलं नाही तर उपाशी मुलांची गोष्ट, नवीन चप्पल मागितली तर अनवाणी फिरणाऱ्यांची. मला आजही कुणी काही दिलं की आधी ओझं वाटतं. भाकरीच्या खेळानंतर कृपा करून "बघा, शेतकरी किती कष्ट करतो, आणि तुम्ही टाकता!" असं म्हणू नका. पाभर दादांचं "बोलायचं न्हाई काही" हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

आणि आपल्याच भागात ऊसतोडीला बीडकडून आलेल्या घरांतली मुलं दर हंगामात फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहतात. त्या मुलांना कुणी 'कृतज्ञ राहा' म्हणू नये. साखर खाणाऱ्या आपल्या मुलांनी त्यांना आधी खेळायला बोलवावं.

पहाटपाळी
गूळपोळीताई, शंभर टक्के. माझे वडील कधी "तुमच्यासाठी केलं" म्हणाले नाहीत. म्हणून तर त्यांचा तो तळवा मला एवढा दिसतो.

आमराई
तीन आठवड्यांनी परत येतेय. नुसतं वाचून गेले असं वाटू नये म्हणून सविस्तर लिहिते.

बेडूक चालला. वर्गातल्या एका मुलाच्या घरी खरंच पुराची भीती अजून आहे, तेव्हा घाटावरची ताई, तुमच्यामुळं एक चूक टळली. डोळे मिटणं ऐच्छिक केलंय. गव्हाच्या पिशव्या शिवल्या, त्या आता एकाला नाही तर सगळ्यांनाच हव्या असतात.

पितळी ताटाचा ठोका रोज होतो. पहिल्या दिवशी सहा सेकंदांत सगळे हात वर होते. आता काही मुलं इतका वेळ ऐकतात की मला वाटतं, ती आवाज संपल्यानंतरची शांतताच ऐकत असावीत.

तळ्यात-मळ्यातचं 'ओल्यात-सुक्यात' केलं. खडूनं रेघ आखली. मी "केळ्याची साल" म्हटलं की उडी ओल्यात, "बिस्किटाचा पुडा" म्हटलं की सुक्यात. आणि "काच!" म्हटलं की कुणीही उडी मारायची नाही, जागेवर थांबून दोन्ही हातांनी हवेतला कागद हळूच गुंडाळायचा. पहाटपाळी दादा, काचेला बावीसच्या बावीस मुलं थांबतात. एका आईचा फोन आला. घरी पेला फुटला तर मुलगी म्हणाली, "थांब, काकांच्या हाताला लागेल." कुठल्या काकांच्या हे आईला माहीत नव्हतं.

भाकरीची वाट दोनदा चाललो. राखणीच्या आरोळ्या शेजारच्या वर्गात गेल्यामुळं तक्रार आली, ती मी बोलून मिटवली. शेवटी तुकडा दिला आणि गप्प राहिले. फार कठीण गेलं, शिक्षिकेची जीभ आहे. मुलं चावत होती. एकानं विचारलं, "आज भाकरी कुणी केली?" मावशींनी केली होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, थँक्यूही म्हटलं नाही. मला थोडी हुरहुर लागली.

परवा पुन्हा पाणी सांडलं. मावशी पुसायला बसल्या. दोन मुलं अजूनही उडी मारून गेली. तीन मुलं वळसा घालून गेली. आणि एक मुलगी, जी वर्गात सगळ्यात कमी बोलते, मावशींच्या शेजारी जाऊन उकिडवी बसली. फडकं नव्हतं, म्हणून फ्रॉकच्या टोकानं पुसू लागली. मावशी म्हणाल्या, "अगं भिजशील." पण तिला उठवलं नाही.

रवळी
शेजारी बसली.

आमराई
हो रवळीताई. तेव्हा तुमच्या मुलाचीच आठवण आली.

पाभर दादा, एक मागणं आहे. मुलांनी खरं कणीस कधी हातात धरलेलं नाही, बाजारात सगळं मोकळं धान्यच मिळतं. २२ कणसं मिळतील का? पैसे पाठवते.

पाभर
पैसं नको ताई. पुढच्या आठवड्यात शाळू काढायला लागणार हाय. पेंढीच बांधतो, मुळासकट, मातीबी असू दे. सकाळच्या जत-सांगली एसटीत ठेवतो, स्टँडवर कुणाला तरी लावून द्या. आणि पोरास्नी उपटायला काय लागतंय ते बघायचं असंल तर रविवारी घेऊनच या. बैल हायत, हात लावू देत्यात.

पहाटपाळी
गाडी लागली तर सांगा. माझ्याकडं टेम्पो आहे. वडिलांनाही यायचंय म्हणतात.